अंतर, काळ आणि नळदुर्ग : सोलापूर–हैदराबाद मार्गाच्या इतिहासाचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

दोन नगरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता केवळ भूगोलाचा वाटतो. दोन्ही स्थळांचे अक्षांश-रेखांश ज्ञात असले म्हणजे पृथ्वीच्या गोलावरील लघुतम रेषेची लांबी गणिताने काढता येते आणि ती एकदा काढली की शतकानुशतके बदलत नाही. विमानाच्या प्रवासाचे अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा याच रेषेचा असतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या आकड्याचा उपयोग मर्यादित आहे. ज्या काळी कोणीही आकाशमार्गाने जात नव्हते त्या काळच्या राजाला, व्यापाऱ्याला किंवा यात्रेकरूला या रेषेचे ज्ञान नव्हते व गरजही नव्हती. त्याच्या दृष्टीने अंतर म्हणजे किती मजला, वाटेत पाणी कोठे, नदीला उतार कोठे आणि जकातीची चौकी कोणाची, या प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज होती.

सोलापूर आणि हैदराबाद या दोन नगरांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. त्यांच्यामधील सरळ रेषेचे अंतर सुमारे २७५ किलोमीटर म्हणजे सुमारे १७१ मैल भरते. जुन्या सडकेने हेच अंतर १८६ मैल, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटर होते. वाडी जंक्शनवरून जाणाऱ्या लोहमार्गाने ते सुमारे ३३५ किलोमीटर होते. याचा अर्थ असा की, सडकेचा वळसा सरळ रेषेच्या शेकडा नऊ इतका आणि लोहमार्गाचा शेकडा बावीस इतका आहे. असे असूनही लोहमार्ग सुरू झाल्यावर प्रवासी व माल सडक सोडून त्या अधिक लांबीच्या मार्गाकडे वळले. लांबी आणि अंतर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

या सडकेवर सोलापुराहून पूर्वेस निघालेल्या प्रवाशाला पहिला मोठा मुक्काम लागतो तो नळदुर्गाचा. सोलापूर ते नळदुर्ग हे सरळ अंतर सुमारे ४४ किलोमीटर असून नळदुर्ग ते हैदराबाद हे सुमारे २३८ किलोमीटर आहे. दोहोंची बेरीज २८२ भरते. म्हणजे नळदुर्गास स्पर्श करून जाण्यासाठी सरळ रेषेच्या मानाने अवघे सात किलोमीटर अधिक पडतात. भूमीच्या रचनेनेच हे ठिकाण दोन नगरांच्या दरम्यान बसविलेले आहे. तथापि या ठिकाणाचे महत्त्व सर्व काळी सारखे राहिले नाही. अंतर ज्या परिमाणाने मोजले जाई ते परिमाण जसजसे बदलले, तसतसे नळदुर्गाचे भाग्यही चढले आणि उतरले. हा संबंध दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. मजलांचा काळ

रेल्वेपूर्व दख्खनमध्ये प्रवासाचे मुख्य परिमाण कोस नसून मजल हे होते. कोसाची लांबी प्रांतोप्रांती भिन्न असे. परंतु एका दिवसात माणूस, बैल अथवा घोडा किती चालेल याला निसर्गानेच मर्यादा घातलेली होती. बैलांच्या तांड्याबरोबर किंवा पायी जाणाऱ्या सामान्य प्रवाशाची मजल दिवसाला १२ ते १५ मैल धरली, तर सोलापुराहून हैदराबादेस पोचण्यास १२ ते १६ दिवस लागतील असा हिशेब निघतो. तोफा व बाजारबुणगे बरोबर असलेल्या लष्कराची चाल याहूनही मंद असे. उलट, टप्प्याटप्प्यावर बदलणारे जासूद व घोडेस्वार हेच अंतर याच्या काही अंशात तोडीत. एकाच वाटेवर एकाच वेळी बातमीचे अंतर निराळे, माणसाचे निराळे आणि तोफेचे निराळे असे, ही गोष्ट त्या काळच्या राजकारणाचा विचार करताना विसरता येत नाही.

यात ऋतूचा भाग पुन्हा वेगळा. सोलापूर-धाराशिव भागातील जमीन काळी, खोल व चिकट आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिच्यात गाड्यांची चाके रुततात. पक्की सडक नसताना मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडीवाट जवळजवळ बंद पडे आणि मालाची ने-आण पाठीवर गोण्या वाहणाऱ्या बैलांच्या भरवशावर चाले. वंजारी व लमाण यांच्या तांड्यांना दख्खनच्या अर्थव्यवहारात जे स्थान होते त्याचे एक कारण हे आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघण्याच्या प्रथेमागेही हीच भूमी आणि हाच पाऊस आहे.

अशा परिस्थितीत नदी ओलांडण्याचे ठिकाण, बारमाही पाणी आणि संरक्षणक्षम उंची या तीन गोष्टी जेथे एकत्र येतील, तेथे ठाणे होणे अपरिहार्य होते. नळदुर्गास या तिन्ही गोष्टी आहेत. भीमेला जाऊन मिळणारी बोरी नदी येथे खडकातून वळण घेते आणि त्या वळणाने एका सपाट माथ्याच्या भूभागास नैसर्गिक खंदकाचे संरक्षण मिळते. या जागेवर प्रथम मातीची तटबंदी होती आणि चालुक्यांच्या एका मांडलिकाकडे ते ठाणे होते असे परंपरा सांगते. पुढे ते बहमनी राज्यात व त्यानंतर विजापूरच्या आदिलशाहीत आले. पहिल्या अली आदिलशहाच्या कारकीर्दीत (१५५८–१५८०) मातीच्या तटाच्या जागी दगडी तट उभा राहिला. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळी, १६१३ मध्ये, बोरीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. याच बंधाऱ्याने मुख्य किल्ला पलीकडील रणमंडळास जोडला गेला.

पाणीमहालाकडे सामान्यतः वास्तुसौंदर्याच्या दृष्टीने पाहिले जाते व ते योग्यच आहे. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे नर व मादी हे दोन धबधबे पाहण्यासाठी आजही लोक दूरवरून येतात. परंतु या बांधकामाचा संबंध अंतराच्या प्रश्नाशीही आहे. विजापूर ते नळदुर्ग हे सरळ अंतर सुमारे १२६ किलोमीटर आहे. वाटेचे वळसे व लष्कराची चाल लक्षात घेता राजधानीहून कुमक येण्यास आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागणार. बातमी जाण्याचा आणि फौज जमण्याचा वेळ त्यात मिळविला पाहिजे. सीमेवरील किल्ल्याने तोवर टिकाव धरावयाचा, हे त्याचे काम. तट, दारूगोळा, धान्य आणि पाण्याचा साठा ही सर्व त्या मधल्या दिवसांची तरतूद होय. किल्ला हे अंतराला दिलेले उत्तर आहे; राजधानी जितकी दूर, तितके ते उत्तर भक्कम असावे लागते.

या उत्तराची कसोटी लवकरच लागली. १५८० मध्ये अली आदिलशहाचा वध झाला आणि नऊ-दहा वर्षांचा इब्राहीम गादीवर आला. विजापूरच्या दरबारातील दुहीचा लाभ घेऊन निजामशाही व कुतुबशाही फौजांनी एकत्र येऊन नळदुर्गास वेढा दिला. अहमदनगर, गोवळकोंडा आणि विजापूर या तीन सत्तांच्या सीमा या टापूत परस्परांना भिडत होत्या. सोलापूरचा किल्ला तर अहमदनगर व विजापूर यांच्यामध्ये अनेक वर्षे वादाचा विषय झालेला होता आणि चांदबिबीच्या अली आदिलशहाशी झालेल्या विवाहात तो आंदण म्हणून दिला गेला होता. नळदुर्ग वेढ्यात पडला नाही. संयुक्त फौजांना वेढा उठवावा लागला. तीन राजधान्यांपासून अनेक मजला दूर असलेल्या या ठाण्याने राजधानीला आपसांतील कलह मिटविण्यास अवधी मिळवून दिला, असे या घटनेचे तात्पर्य सांगता येईल.

१६८६ मध्ये विजापूर मोगलांनी घेतले आणि त्याच सुमारास नळदुर्गही त्यांच्या ताब्यात गेला. पुढील वर्षी गोवळकोंड्याचा शेवट झाला. तीन राज्यांच्या सीमा पुसल्या गेल्याने नळदुर्गाचे सीमेवरील ठाणे हे स्वरूप काही काळ लोपले. अठराव्या शतकात आसफजाही सत्ता स्थिर झाल्यावर मात्र हैदराबाद हेच या प्रदेशाचे केंद्र बनले आणि पश्चिमेकडून त्या केंद्राकडे जाणाऱ्या वाटेवरचे ठाणे म्हणून नळदुर्गास नवे महत्त्व आले.

३. १८५३ ते १८७४ : सडक आणि लोहमार्ग

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर रायचूर दुआब व पश्चिमेकडील नळदुर्ग-धाराशिव हा प्रदेश इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला. नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहण्यासाठी फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. टेलरचा जन्म लिव्हरपूल येथे १८०८ मध्ये झाला. १८२४ मध्ये तो मुंबईस आला तेव्हा शिडाच्या जहाजांना केप ऑफ गुड होपला वळसा घालून इंग्लंडहून हिंदुस्थानात येण्यास चार-पाच महिने लागत. निजामाच्या नोकरीत राहून आणि सुरापूर संस्थानचा कारभार पाहून तो नळदुर्गास आला होता. ठगांच्या जीवनावरील त्याची कादंबरी १८३९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर रचलेली ‘तारा’ ही कादंबरी त्याने १८६३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रदेशाशी असलेला परिचय या जिल्ह्यातील वास्तव्याचे फळ होय.

टेलरच्या कारकीर्दीत जमिनीची मोजणी, रस्त्यांची आखणी आणि पाण्याच्या सोयी या कामांना गती मिळाली. १८५७ च्या धामधुमीत त्याची बदली वऱ्हाडात बुलढाण्यास झाली, परंतु सडकेच्या कल्पनेने या भागात मूळ धरले होते. पक्क्या सडकेमुळे सोलापूर–हैदराबाद अंतराची लांबी फारशी कमी झाली नाही. कमी झाली ती त्या अंतरातील अनिश्चितता. पूर्वी प्रवासाचा काळ ‘पाऊस नसल्यास इतके दिवस’ असा सांगावा लागे. आता वर्षातील बहुतेक दिवशी गाडी किती दिवसांत पोचेल याचा अंदाज बांधता येऊ लागला. व्यापाराच्या दृष्टीने निश्चिततेचे मोल वेगाहून कमी नसते.

याच वेळी पश्चिमेकडून निराळेच स्थित्यंतर येत होते. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५८ मध्ये पुण्यास आणि १८६० मध्ये सोलापुरास पोचला. याच १८६० साली नळदुर्गाचा प्रदेश इंग्रजांनी निजामास परत केला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नसला तरी त्यांच्या एकत्र येण्याने नळदुर्गाच्या पुढील शंभर वर्षांचे भवितव्य ठरले. सोलापूर मुंबईच्या जवळ आले आणि नळदुर्ग सोलापूरपासून दूर गेला. पहिले लोखंडी रुळांमुळे घडले, दुसरे राज्याच्या हद्दीमुळे. मुंबई इलाखा आणि हैदराबाद संस्थान यांची सीमा आता या दोन गावांच्या मधून जात होती. संस्थानचा हाली सिक्का निराळा, टपाल निराळे, करोडगिरी म्हणजे आयात-निर्यातीवरील जकात निराळी. तीस मैलांच्या आतल्या वाटेवर गाडीवानाला दोन राजवटींचे कायदे सांभाळावे लागत.

सोलापुराहून पुढे लोहमार्ग कोणत्या दिशेने न्यावा, हा प्रश्न मुंबई आणि मद्रास यांना जोडण्याच्या हेतूने सोडविला गेला. मार्ग आग्नेयेस कलबुर्ग्यावरून रायचूरकडे गेला आणि १८७१ मध्ये तेथे मद्रासकडील मार्गाशी त्याची जोडणी झाली. हैदराबाद या मुख्य मार्गावर नव्हते. म्हणून निजामाच्या पैशाने वाडीपासून एक शाखा काढण्यात आली व ती १८७४ मध्ये सुरू झाली. या आखणीत नळदुर्गाचा विचार करण्याचे कोणास कारण नव्हते. दोन हजार फुटांच्या आसपास उंचीच्या बालाघाटच्या पठारावर चढण्याऐवजी भीमेच्या खोऱ्याकडे झुकणारी वाट रुळांना सोयीची होती आणि मुंबई-मद्रासच्या हिशेबात सोलापूर-हैदराबाद हे अंतर दुय्यम होते.

परिणाम काय झाला ते गणितानेही दाखविता येते. लोहमार्गाची लांबी सुमारे २०८ मैल. गाडीचा सरासरी वेग ताशी वीस मैल धरला, तरी हा प्रवास साडेदहा तासांत होतो. सडकेने जे अंतर दोन आठवड्यांचे होते ते लोहमार्गाने एका रात्रीचे झाले. परंतु वेळेतील ही बचत केवळ दोन टोकांना मिळाली. मधल्या मुक्कामांना त्यातून काही लाभले नाही; उलट प्रवाशाला जेथे थांबावे लागे तेथे त्याला थांबण्याचे कारण उरले नाही. धर्मशाळा, सराई, नालबंद, घोड्यांचा दाणा-वैरण, गाड्यांची दुरुस्ती या सर्वांवर जगणारी वस्ती अशा मार्गावर हळूहळू क्षीण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवास हलविले गेले. १९०१ च्या गणतीत नळदुर्गाची लोकसंख्या चार हजारांच्या थोडी वर होती. ज्या किल्ल्याने कधी दोन राज्यांच्या फौजांना थोपविले, तो आता आडवाटेचा प्रेक्षणीय किल्ला बनला.

या काळात वाट ओस पडली असे मात्र समजू नये. तुळजापूरच्या यात्रेकरूंची पायपीट पूर्ववत चालू राहिली. अणदूर आणि नळदुर्ग या शेजारच्या दोन गावांमध्ये खंडोबाची मूर्ती दरवर्षी नेण्या-आणण्याची परंपरा आजही पाळली जाते. पायाने मोजलेल्या अंतराचे एक जग लोहमार्गाच्या वेळापत्रकाबाहेर टिकून होते आणि सोलापूर-हैदराबाद सडकही, वर्दळ कमी झाली तरी, जागच्या जागी होती. पुढे तिचे महत्त्व एकाएकी प्रकट व्हावयाचे होते.

४. आकाशमार्गाचा उदय

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल घेऊन येणारे विमान चालविले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. इंग्लंडहून कराचीपर्यंत आलेली विमानडाक दक्षिणेत लवकर पोचावी, हा या मार्गाचा हेतू होता. त्यानंतरच्या दशकात हैदराबादेस बेगमपेठ येथे विमानतळ विकसित झाला आणि १९४५ मध्ये निजाम सरकार व टाटा यांच्या सहभागाने डेक्कन एअरवेज ही संस्था स्थापन झाली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

विमानाने अंतराच्या कल्पनेत जो फरक घडविला तो लोहमार्गाने घडविलेल्या फरकाहून गुणात्मकदृष्ट्या निराळा होता. लोहमार्ग नदी, डोंगर आणि राज्याची हद्द यांच्याशी तडजोड करीत जातो. विमान या तिन्हींच्या वरून जाते. प्रथमच लघुतम रेषा आणि प्रत्यक्ष प्रवासाची रेषा या जवळजवळ एकरूप झाल्या. ज्या राज्याला समुद्र नाही आणि ज्याच्या चोहोबाजूंस दुसऱ्याची भूमी आहे, त्याच्या दृष्टीने या गोष्टीचा राजकीय अर्थ फार मोठा होता. १९४७ नंतरचे हैदराबाद संस्थान नेमके अशा स्थितीत होते. पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदर मिळविण्याचा विचार त्याच्या बाजूने पूर्वी होऊन गेला होता, तो याच कोंडीतून.

५. सप्टेंबर १९४८ : दोन अंतरांचा सामना

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, परंतु तणाव ओसरला नाही. संस्थानात रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. कासीम रझवी हा त्यांचा नेता मूळचा लातूरचा वकील, म्हणजे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातलाच. सीमेवरील गावांतून अनेक कुटुंबे सोलापूर व बार्शीकडे आश्रयास गेली आणि स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सीमेलगत कॅम्प उघडून प्रतिकार चालविला. नळदुर्गच्या गावकऱ्याच्या दृष्टीने या काळात सोलापूर हे तीस मैलांवरचे शहर नव्हते. एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत सुखरूप पोचण्याइतके ते दूर होते.

भारत सरकारने संस्थानची आर्थिक नाकेबंदी केल्यावर शस्त्रे मिळविण्यासाठी हैदराबादने आकाशाचा आश्रय घेतला. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ मध्ये कराचीहून लँकास्ट्रियन विमाने रात्रीच्या वेळी भारतीय प्रदेशावरून उडवून बीदर व वरंगळ येथे शस्त्रसामग्री उतरविली. कराची ते बीदर हे सरळ अंतर सुमारे १,३३५ किलोमीटर आहे. युद्धकालीन लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानापासून तयार केलेल्या या विमानांना ते कापण्यास साडेतीन-चार तास पुरे होते. नकाशावर कराची सोलापूरच्या पाचपट दूर. पण काही महिने, काळाच्या मापाने, हैदराबादच्या राज्यकर्त्यांना कराची सोलापूरहून जवळची झाली होती.

या जवळिकीने एक भ्रम निर्माण केला असावा असे घटनाक्रमावरून दिसते. विमानाने बंदुका व दारूगोळा येऊ शकत होता, परंतु त्याला वजनाची मर्यादा होती. रणगाडे, जड तोफा, पेट्रोलचे साठे आणि हजारो सैनिक यांची वाहतूक अशा मूठभर विमानांनी होणे शक्य नव्हते. अंतराच्या हिशेबात लांबी आणि काळ यांच्या जोडीला भार हे तिसरे अंग आहे. भाराचा विचार करता सडक हीच अद्याप निर्णायक होती, आणि सडकेचे प्रवेशद्वार नळदुर्ग होते.

भारतीय सेनेच्या मोहिमेत दोन मुख्य दिशा होत्या : पश्चिमेकडून सोलापूर–हैदराबाद, १८६ मैल; पूर्वेकडून विजयवाडा–हैदराबाद, १६० मैल. लांबीने पूर्वेची वाट कमी असूनही मुख्य प्रहार सोलापुराकडून झाला. त्याचे नेतृत्व मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे होते व चिलखती दलाचे बळ याच बाजूस होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे चारच्या सुमारास हालचाल सुरू झाली. पहिली चकमक नळदुर्ग येथेच झाली. हैदराबादच्या पायदळाची एक तुकडी किल्ल्याच्या आश्रयाने होती. सातव्या पायदळ ब्रिगेडने त्वरा करून बोरीवरील पूल ताब्यात घेतला आणि सिख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला करून ते काबीज केले. पूल हाती आल्यावर चिलखती गाड्या सकाळी नऊच्या सुमारास पुढील जळकोट गावी पोचल्या आणि दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्यास, म्हणजे हद्दीच्या सुमारे ६० किलोमीटर आत, जाऊन भिडल्या. दुसऱ्या एका तुकडीने तुळजापूर घेतले. त्याच दिवसापासून पुण्याहून निघालेल्या टेंपेस्ट विमानांनी संस्थानातील धावपट्ट्यांवर मारा केला आणि कराचीकडील आकाशमार्ग बंद पडला.

१६१३ मध्ये ज्या नदीवर पाणी अडवून किल्ल्याचा टिकाव वाढविला गेला, त्याच नदीवरच्या पुलाने १९४८ मध्ये किल्ल्याचा टिकाव संपविला. जुन्या हिशेबात किल्ला पडण्यास आठवडे लागावेत अशी त्याची रचना होती. येथे काही तासांत निकाल लागला. तट ढासळले होते म्हणून हे घडले नाही. यंत्रावर चालणाऱ्या सेनेला किल्ला जिंकण्याची गरज नसते. तिला पूल हवा असतो. आदिलशाही किल्ल्याचा अर्थ प्रतीक्षेत होता आणि नव्या युद्धतंत्राने प्रतीक्षेचे मोल नाहीसे केले.

१४ सप्टेंबर रोजी दल राजेश्वरपर्यंत पोचले. पुढे झहीराबादच्या वाटेवर सुरुंगांनी चाल मंदावली. १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे सुरक्षा परिषदेने हैदराबादचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. १७ रोजी सायंकाळी पाच वाजता निजामाने युद्धबंदी जाहीर केली. पहिल्या हालचालीपासून सुमारे १०९ तास झाले होते. १८ रोजी दुपारी जनरल एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. युद्धबंदीच्या घोषणेच्या वेळी सोलापूरकडील दल झहीराबादच्या आसपास, म्हणजे राजधानीपासून अद्याप सुमारे १०० किलोमीटर दूर होते. एक-तृतीयांश सडक शिल्लक असतानाच निर्णय झाला. उरलेले अंतर किती तासांचे आहे याचा हिशेब हैदराबादेत करता येत होता, आणि तो हिशेब पुरेसा होता.

६. वेगाची किंमत

या मोहिमेच्या वेगाचे कौतुक बहुतेक वृत्तांतांतून आढळते. परंतु इतिहासाला त्याची दुसरी बाजू टाळता येत नाही. सेना सडकेने पुढे गेली. सडकेच्या दोन्ही अंगांच्या गावांत जुनी सत्ता कोसळली आणि नवी सत्ता पोचण्यास काही काळ गेला. त्या पोकळीत, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत, मुसलमान वस्तीवर भीषण सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानचा दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित असल्याचे तिने नोंदविले, आणि संपूर्ण संस्थानातील मृतांची संख्या सावध अंदाजाने २७,००० ते ४०,००० असावी असा निष्कर्ष दिला. हा अहवाल अनेक दशके प्रकाशात आला नाही.

रझाकारांच्या अत्याचारांची आठवण आणि त्यानंतरच्या सूडाची आठवण, या दोन्ही या जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहेत. एकीच्या आधारे दुसरी पुसता येत नाही. प्रस्तुत विषयापुरते सांगावयाचे तर, सेनेचे अंतर पाच दिवसांत तुटले, परंतु सुव्यवस्थेचे अंतर तितक्या दिवसांत तुटले नाही. सडकेवरून राजधानी जवळ आली तरी सडकेपासून चार-पाच कोस आत असलेले खेडे तितकेच दूर राहिले. मोहिमेच्या तासांचा हिशेब ठेवणाऱ्या इतिहासलेखनाने या दुसऱ्या अंतराचाही हिशेब ठेवावयास हवा.

७. समारोप

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. १८६० पासून सोलापूर व नळदुर्ग यांच्यामध्ये असलेली राज्याची सीमा त्या दिवशी उमरग्याच्या पूर्वेस सरकली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. जुन्या सडकेचा पुढे राष्ट्रीय महामार्ग झाला. पुणे ते मच्छलीपट्टण या मार्गाचा भाग म्हणून ती आज राष्ट्रीय महामार्ग ६५ या क्रमांकाने ओळखली जाते आणि महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या तीन राज्यांतून जाते. तीन सुलतानांच्या सीमा ज्या टापूत भिडत होत्या, त्याच्या जवळपास आज तीन भाषिक राज्यांच्या सीमा आहेत. मोटारीने सोलापूर-हैदराबाद हा प्रवास पाच-सहा तासांचा झाला आहे. नळदुर्ग आजही लोहमार्गावर नाही. त्याचे जे काही दळणवळण आहे ते या सडकेच्या बळावर आहे.

मुंबईहून हैदराबादेस जाणारे विमान सुमारे ६२० किलोमीटरचे अंतर सव्वा ते दीड तासात कापते. त्या दोन नगरांना जोडणारी सरळ रेषा नळदुर्गाच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवरून जाते. त्या प्रवाशाला बोरी नदी ओलांडल्याचे कळतही नाही आणि कळण्याचे कारणही नाही. ज्या अंतरात मुक्काम नाही, त्या अंतरात मधले गाव नाही.

यावरून अभ्यासकाला तीन गोष्टी घेता येतील. पहिली ही की, जुन्या काळच्या दोन स्थळांमधील अंतर सांगताना आजच्या नकाशावरील किलोमीटर देणे पुरेसे नाही. त्या काळच्या साधनांनी, त्या ऋतूत, त्या भारासह किती दिवस लागत, हे काढले पाहिजे. दुसरी ही की, सरळ रेषेचे अंतर मात्र निरुपयोगी नाही. निरनिराळ्या मार्गांचा वळसा त्याच्याशी ताडून पाहिला म्हणजे तो वळसा भूमीने घालावयास लावला की सत्तेने, हा प्रश्न विचारता येतो. नळदुर्गाच्या बाबतीत सडकेचा वळसा भूमीचा आहे आणि लोहमार्गाचा वळसा मुंबई-मद्रासच्या गरजेचा आहे. तिसरी गोष्ट अशी की, अंतर कमी होणे ही सर्वांना सारखी लाभणारी घटना नव्हे. १८७४ मध्ये ते दोन टोकांसाठी कमी झाले आणि मधल्या गावासाठी वाढले. १९४८ मध्ये ते सेनेसाठी कमी झाले, परंतु आडगावच्या निराधार माणसापर्यंत संरक्षण वेळेवर पोचले नाही. दोन नगरांमधील अंतर घटले असे कोणी लिहिले, तर ते कोणासाठी घटले हा प्रश्न इतिहासकाराने पुढे ठेवला पाहिजे. नळदुर्गाच्या पुलावर उभे राहून तो अधिक स्पष्टपणे विचारता येतो.